हर्षाच्या खिडकीतला रुपया

नूतनच्या वर्गात प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराबरोबर एखादी वस्तू यायची. वस्तू डोळ्यांपुढे असली की बोलणं लक्षात राहतं, असं तिचं मत. गोंदियाला बी.ए. करून ती लग्नानंतर भिलाईत आली. नवरा केवलराम स्टील प्लांटमध्ये, शिफ्ट ड्युटीवर. सेक्टरातल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ती रोज दुपारी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवी. कुणाला मुलाच्या शाळेतल्या मीटिंगमध्ये तोंड उघडायचं असे, कुणाला नुसतीच हौस.

त्या दिवशी तिनं टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'अ पेनी फॉर युअर थॉट्स'.

"पेनी म्हणजे तिकडचं अगदी बारकं नाणं," ती सांगू लागली. "आपलं माणूस तंद्री लावून गप्प बसलं असलं की हे म्हणायचं. मनात काय चाललंय ते सांग, पैसा देते. खरा पैसा कुणी देत नाही. आणि साहेबाला म्हणायचं नाही बरं का. घरच्यांना, मैत्रिणींना म्हणायचं."

"पण एवढं सस्तं कावून?" बोरसीहून स्कूटीवर येणारी दुर्गा म्हणाली. "मनातली गोष्ट आन् एका रुपयात? आमचे हे त पाचशेतबी नाही सांगत!"

बायका खिदळल्या. नूतनही हसली, पण तो प्रश्न तिच्या डोक्यात अडकून बसला. कारण गेले काही दिवस ती स्वतः हेच नाणं घेऊन घरात वावरत होती.

तिची मुलगी हर्षा कोचिंगच्या हॉस्टेलवरून दिवाळीला आली होती. दिवाळी संपली, भरलेली बॅग दाराशी येऊन पडली, पण पोरगी निघायचं नाव काढीना. काही विचारलं की "काही नाही ना, मम्मी." मागच्या खिडकीत बसून अंगणातल्या पेरूकडे बघत राहायची. नूतनला कोचिंगच्या पोरांबद्दलच्या पेपरातल्या नको नको त्या बातम्या आठवत. हर्षाला बाथरूममध्ये जरा वेळ लागला की ती बाहेर उगाच बादली सरकवत उभी राही.

"सरळ विचार ना तिले," केवलराम म्हणे.

सरळ विचारून झालं होतं. मग रोज संध्याकाळी ती खिडकीच्या कठड्यावर रुपया ठेवू लागली. हर्षा लहान असताना मायलेकींचा हा खेळच होता. आता हर्षा नाण्याकडे बघे, जराशी हसे, आणि पुन्हा पेरूकडे वळे. जेवायला हाक मारताना नूतन रुपया उचलून चिल्लरच्या डब्यात टाकी.

वर्ग सुटल्यावर दुर्गा चपला घालता घालता थबकली. "मॅडम, आन् समोरच्यानं सांगितलंच नाही त? रुपया वापस घ्याचा का?"

नूतननं हातातलं पुस्तक पुन्हा चाळलं. पुस्तकात अर्थ होता, वापर होता. न बोलणाऱ्याचं काय करायचं, ते नव्हतं.

"आमची सासू त देवापुढं ठेवलेला रुपया उचलू देत नाही," दुर्गा स्कूटीला किक मारत म्हणाली. "म्हणते, विचारलं ना त्याले? मंग राहू दे तिथंच. त्याले सवड झाली का सांगन."

त्या संध्याकाळी जेवायला हाक मारताना नूतनचा हात सवयीनं नाण्याकडे गेला आणि रिकामा परत आला. दुसऱ्या दिवशी तिनं कठडा पुसला तो नाण्याच्या भोवतीनं. रुपया होता तिथंच राहिला.

एका दुपारी वर्ग आटोपून ती आत आली, तर कठड्यावर नाणं नव्हतं. खिडकीत हर्षाही नव्हती. फोन पलंगावर पडलेला, चपला गायब. नूतन तशीच अनवाणी फाटकापर्यंत धावली.

कोपऱ्यावरच्या दुकानाकडून हर्षा सावकाश चालत येत होती. आईला बघून तिनं मूठ उघडली.

"मम्मी, हा चालतच नाही. छोटा वाला आहे. अंकल म्हणे, ये यहाँ नहीं चलता, बेटा."

इथल्या बाजारात नवा, आकारानं छोटा रुपया दुकानदार घेत नाहीत, हे नूतनला ठाऊक होतं. म्हणून तर तो डब्यात पडून होता.

"काय घ्याले गेली होती वं?"

"टॉफी. म्हटलं, एकदा खर्च झाला का मंग सांगावंच लागन."

दोघी फाटकाशीच उभ्या राहिल्या. हर्षा नाणं बोटांत फिरवत होती.

"तिथं टेस्टच्या रँकनं बेंच देतात. मी मागं-मागं सरकत गेली. बाजूवाली बोलत नाही, मीबी बोलत नाही. मले नाही जायचं वापस. पण नाही गेली त काय करू, हेबी समजत नाही. रोज तेवढाच विचार करून राहिली."

नूतनच्या जिभेवर दहा प्रश्न एकदम आले. तिनं एकच शब्द बाहेर सोडला. "आन्?"

"बस. न चालणाऱ्या रुपयात एवढंच येते."

नूतनला हसू आलं, आणि डोळेही भरले. आत जाऊन तिनं डब्यातलं पाचाचं नाणं शोधून कठड्यावर ठेवलं. "हा चालते सगळीकडं."

"याचं उद्या," हर्षा म्हणाली.

"उद्या सांग, नाही त परवा. पहिले ती दाराजवळची बॅग रिकामी कर आन् कपडे कपाटात लाव."

हर्षा दाराकडे गेली. मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. नूतन कणीक मळायला बसली. पाचाचं नाणं कठड्यावरच होतं.