गवत काढलेलं रान

लॅपटॉपच्या कुशीतून गरम वारा बाहेर येतो, हे माझ्या हाताला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. दुपारची वेळ होती. उंब्रजच्या आमच्या घराच्या सोप्यात माझी नात स्नेहल लॅपटॉपवर खेळत बसली होती. मी चष्म्याची डबी उचलायला हात पुढं केला आणि त्या काळ्या यंत्राच्या बरगडीतून आलेला झोत माझ्या मनगटावर बसला. कोरडा, धापा टाकणारा, जिवंत. मैदान मारून आलेल्या शर्यतीच्या बैलाच्या नाकपुडीपुढं हात धरला तर अगदी असाच श्वास लागतो, आणि तो श्वास मी उभं आयुष्य तळहातावर झेलला आहे. म्हणून नकळत बोलून गेलो, "अगं, दमलंय ते. सोड की त्याला जरा." ती मान वर न करता म्हणाली, "दमलं न्हाई आबा, तापलंय. तापलं की आपनहून हळू चालतंय." मग तिनं स्वयंपाकघरातून पापड भाजायची जाळी आणली आणि त्याच्या पोटाखाली सरकवली. आतून सून ओरडली, "माझी जाळी परत जागेवर ठेव म्हंजे झालं."

मी चौथी शिकलेला माणूस. पण यंत्र तापलं तर पाणी घालावं, तेल घालावं, नाहीतर गप बंद ठेवावं, एवढी अक्कल मला आहे. मला कोडं पडतं ते वेगळंच. जे यंत्र ना नांगरतं, ना पाणी उचलतं, ना कुठं जातं, ते बसल्या जागी एवढं का तापावं? पडद्यावरची नदी वाहती ठेवायला त्याला घाम फुटतो, पडद्यावरच्या झाडाची सावली पाडायला त्याचा ऊर धपापतो. खऱ्या झाडाला सावली पाडायला काय कष्ट पडतात? ऊन येतं आणि सावली पडते. झाडाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे देवानं जे फुकटात वाटलं, ते माणसाला करायचं झालं तर धाप लागते, असाच याचा अर्थ घ्यायचा की काय?

पण हे विचार नंतरचे. त्याआधी घरात भांडण झालं, आणि ते एका शब्दावरून झालं. एके सकाळी स्नेहल फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "सांगलीला जायच्या आधी सगळ्यांनी सेटिंग करून ठेवा. सेटिंग नीट झाली की आपनच जिंकतोय बघ." ऐकलं आणि मी चहाची कपबशी खाली ठेवली. सेटिंग म्हणजे काय हे आमच्या बाजूच्या माणसाला सांगावं लागत नाही. शर्यतीत कुणाची गाडी आधी यायची हे आदल्या दिवशी टपरीवर ठरतं, नोकरी कुणाला लागायची हे जाहिरात निघण्याआधी ठरतं, त्याला आमच्याकडे सेटिंग म्हणतात. मी जन्मभर छकडा हाकला. हरलो, पडलो, गुडघा फोडून घेतला; पण माझ्या गाडीची सेटिंग कुणी केली नाही आणि करू बघणाऱ्याला मी दारात उभा केला नाही. आणि माझ्याच सोप्यात, माझ्याच नातीच्या तोंडून हा शब्द?

मी सांगून टाकलं, सांगलीला जायचं नाही. तिचे वडील, माझा थोरला, फौजेत आहेत. त्यांच्या माघारी घरातलं हो आणि नाही माझ्या तोंडून निघतं. सांगलीला लॅपटॉपवरच्या खेळाची स्पर्धा होती, तिच्यासाठी कराडच्या तिच्या कॉलेजात चार जणींचा संघ झाला होता, त्यात हिला फार मिनतवारीनं जागा मिळाली होती. ही गेली नाही तर जागा दुसरीला जाणार, हे मला माहीत होतं. तरी मी माझ्या शब्दावरून हललो नाही. ती समोर येऊन बसली. "आवं आबा, ती सेटिंग न्हवं. ग्राफिक्सची सेटिंग. चित्र कसं दिसावं त्याची." मी म्हणालो, "म्हंजे आता चित्राचं बी आधीच ठरवता व्हय?" आत भाकरी थापणारी सून हसली, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

मग तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला आणि मला ते रान दाखवलं. खेळ असा की एका मोठ्या रानात लपतछपत एकमेकांना टिपायचं, आणि ज्या संघाचा शेवटचा गडी उभा राहील तो संघ जिंकला. आधी तिनं सगळं सुंदर करून दाखवलं. काय सांगू तुम्हाला, नदीच्या पाण्यात ढगांचं प्रतिबिंब हलत होतं, काठावरचं गवत वाऱ्यानं एका अंगावर झुकत होतं, झाडाखाली कवडसे पडले होते. क्षणभर मला वाटलं, कृष्णेचा काठच कुणीतरी उचलून या पेटीत कोंडला आहे. पण चित्र मधेच अडखळे, दम खाई, पुन्हा चाले. स्नेहल म्हणाली, "बघा, सगळं लावलं की फ्रेम पडतात." मी भिंतीकडं बघितलं. माझ्या वडिलांचा फोटो जागेवर होता. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ती फ्रेम न्हवं. ह्यात चित्रं भराभरा एकामागं एक येत्यात, म्हनून सगळं हललेलं दिसतंय. सुंदर केलं की चित्रं कमी येत्यात, मग अडकतंय."

तर मग तिनं एकेक गोष्ट काढायला घेतली. सावल्या काढल्या. माणसं बिनसावलीची चालू लागली. आमच्याकडं अशाला भूत म्हणतात. पाण्यातले ढग काढले, नदी पत्र्यासारखी दिसू लागली. शेवटी गवत काढलं. आणि खरंच, चित्र असं सुळकन पळायला लागलं की डोळा ठरेना. सौंदर्य हवं की वेग हवा, हा सौदा त्या यंत्रानं किती उघडपणे समोर मांडला! आपल्या जगण्यात हाच सौदा आपण रोज करतो, पण तिथं असा एकेक खटका कुठं असतो? घाईत आपण काय काय काढून टाकलं, हे खूप पुढं गेल्यावर कळतं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण गवत गेल्याबरोबर त्या उघड्या रानात मला एक माणूस पालथा पडलेला दिसला. दुसऱ्या संघाचा. हालचाल नाही, काही नाही, आपला निवांत पडून होता. मी विचारलं, "ह्यो असा उघड्यावर का पडलाय?" स्नेहल म्हणाली, "त्याच्या पडद्यावर गवत हाय. त्याला वाटतंय तो झाकलाय." आणि तिनं त्याला टिपला. मी म्हणालो, "अगं, मग ही सेटिंगच की." ती म्हणाली, "आबा, नियमात बसतंय. सगळीच करत्यात." हे "सगळीच करत्यात" मी टपरीवरही ऐकलेलं आहे.

त्यावर सून हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "मामंजी, एक इचारू का? बेंदराच्या सणाला बैलांच्या पाठीवर झूल घालत व्हता, घुंगुरमाळा घालत व्हता. शर्यतीला जाताना ते समदं उतरवत व्हता का न्हाई? छकड्याच्या फळ्या सुदिक काढत व्हता. मग पोरीनं गवत काढलं तर तुमाला का लागतंय?" सुनेपुढं उत्तर न सुचणं म्हणजे काय, हे घरात सून असलेल्यालाच कळेल. मी उठून परड्यात गेलो. तिथं मला उत्तर उमगलं, पण तोवर ती आत गेली होती. झूल माझ्या बैलाची होती. गवत मात्र समोरच्याचं. आपलं ओझं उतरवणं निराळं आणि दुसऱ्याचा आडोसा काढून घेणं निराळं. हे मला तेव्हा फार बरोबर वाटलं. मग वाटलं, पण समोरच्यालाही तेच करायला कुणी अडवलं होतं? आणि जिचं यंत्र गवताच्या ओझ्यानं बसतं, तिनं काय करावं? रेषा ओढावी म्हणतो आणि ओढलेली रेषा पायाखालीच येते. संध्याकाळी मी स्नेहलला म्हणालो, "जा सांगलीला. मी बी येतो. पर गवत काढून जिंकलीस तर त्याला मी जिंकनं म्हननार न्हाई." ती म्हणाली, "नका म्हनू. पर बघा तर खरं."

सांगलीत एसटीतून उतरलो तेव्हा हवेला हळदीचा वास होता. एका कॉलेजच्या सभागृहात पोरंपोरी कानाला टोप्या लावून बसली होती आणि सगळ्यांचे लॅपटॉप एकदम धापा टाकत होते. मैदानाच्या कडेला सोडलेल्या बैलांच्या दावणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. समोरच्या भिंतीवर बघणाऱ्यांसाठी मोठा पडदा होता, आणि त्या पडद्यावर सगळं लावलेलं होतं: सावल्या, ढग, गुडघाभर गवत. माझी खुर्ची अशी होती की भिंतीवरचा पडदाही दिसे आणि स्नेहलचा लॅपटॉपही. म्हणजे एकच रान मला एकाच वेळी दोन तऱ्हेचं दिसत होतं.

सामना रंगला. तिच्या तिन्ही मैत्रिणी बाद झाल्या. समोर वाईच्या संघाचा एक पोरगा उरला आणि इकडं माझी नात. ती जमिनीवर पालथी पडली होती. भिंतीवर बघितलं तर ती दाट गवतात पार बुडालेली, शोधून सापडू नये अशी. तिच्या लॅपटॉपवर बघितलं तर उजाड माळ, आणि त्यावर ती एकटी, उघडी. इकडं खुर्चीत तिचे खांदे वर आले होते. तिला वाटत होतं की समोरच्यानंही गवत काढलं असणार आणि सगळ्या जगाला ती दिसते आहे. तो पोरगा अगदी जवळून, भलतीकडं बघत चालला होता. तिनं नुसतं पडून राहायचं होतं. "हलू नगं बाय," हे शब्द माझ्या जिभेवर आले. आणि मी दात आवळले. मी बोललो असतो तर ती सेटिंग माझी झाली असती.

ती उठली आणि पळाली. गवत हललं, त्यानं वळून टिपलं, संपलं. वाईचा तो पोरगा नंतर हात मिळवायला आला आणि सरळ मनानं म्हणाला, "ताई, पडून ऱ्हायला पायजे हुतं. मला तर नुसतं गवतच दिसत हुतं. माझा लॅपटॉप दमदार हाय, मी काईच काढत न्हाई."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. इस्लामपूर मागं पडल्यावर म्हणाली, "आबा, तुमाला भिंतीवर दिसत हुतं. मग हाक का न्हाई दिली?" मी म्हणालो, "हाक दिली असती तर सेटिंग झाली असती." ती खिडकी सोडून माझ्याकडं वळली. मी पुढं म्हणालो, "हारलीस ती खरी हारलीस. म्हंजे खेळ खरा हाय. एवढं मी मानतो." तिनं मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. कळतं एवढंच की तिथं खुर्चीत माझा जीव कसा गलबलला होता, ते माझ्या पडद्यावर उघड्या रानासारखं लख्ख होतं. मला आजवर वाटत आलं की ते सगळ्यांनाच तसं दिसतं. सांगायची गरज काय? पण तिच्या पडद्यावर तिथं एक ताठ म्हातारा दात आवळून बसलेला असणार आणि त्याच्याभोवती छातीएवढं गवत. दुसऱ्याच्या पडद्यावर आपण कसे दिसतो, हे बघायची सोय कुणालाच नाही. लेकाला, त्याच्या आईला, कुणालाच मी कधी जे तोंडानं म्हणालो नव्हतो, ते मी एसटीच्या खडखडाटात, कंडक्टर शेजारी उभा असताना म्हणालो, "स्नेहल, लय चांगली खेळलीस बघ."

ती दचकून वळली, माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, बरं वाटत न्हाई का तुमाला?"