केल्प टीम सोडणार का?

"गियां-बारे सिंड्रोम," न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही हे बघून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "तुमची रोगप्रतिकारशक्ती तुमच्याच नसांवर हल्ला करतेय. आधी बिघडेल, मग सुधारेल. बिघडताना धीर सोडू नका, तो या आजाराचा ठरलेला क्रम आहे."

हे शेवटचं वाक्य मी पुढे अनेकदा स्वतःला ऐकवलं. तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर ही वेळ आली, तर तुम्हीही ऐकवा.

मी अभय. मूळचा पुण्याचा, ख्राइस्टचर्चमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींची गणितं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. सगळं सुरू झालं ते पोट बिघडण्याने. ते बरं झालं आणि दोन आठवड्यांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घट्ट झाल्या असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या घोट्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. चौथ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात पाय उचलेना. बायको मृदुला सरळ इमर्जन्सीत घेऊन गेली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ढिम्म हलला नाही. दोन्ही पायांतल्या मुंग्या वर चढत असतील आणि शक्ती जात असेल, तर एक दिवसही वाट पाहू नका.

मग तपासण्या. लंबर पंक्चर, म्हणजे कण्यातून सुई घालून पाणी काढणं. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांमधून वीज किती वेगाने जाते ते मोजणं. औषध सुरू झालं आय.व्ही.आय.जी., म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज, पाच दिवस सलाइनमधून. श्वासाची ताकद मोजायला दर काही तासांनी एका नळीत जोरात फुंकायला लावत. फुंकर रोज कमी पडत होती. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "धावपळ करत घशात श्वासाची नळी घालण्यापेक्षा आजच शांतपणे घालू." मला आयसीयूत हलवलं, व्हेंटिलेटर लावला.

बारा दिवस मी तिथे होतो. बहुतेक वेळ जागा. हात हलत नव्हते, बोलता येत नव्हतं. डोळे वर केले की 'हो', मिटून घेतले की 'नाही', एवढीच माझी भाषा.

आणि सगळे माझ्याशी फार गोड वागत. मृदुला कपाळावरून हात फिरवत म्हणायची, "सगळं छान होणार आहे." फोनवरून आई तेच म्हणायची. नर्सही. त्या गोडपणाखाली मी हळूहळू नाहीसा होत होतो.

माझी मुलगी रेवा पंधरा वर्षांची. इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. आयसीयूतल्या पहिल्या दिवशी ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट आली आणि दप्तरातून एक कॉमिक काढलं. दर महिन्याला ती ते घ्यायची आणि मी दर महिन्याला नाक मुरडायचो.

"बाबा, लुक," ती म्हणाली. शेवटचं पान माझ्या डोळ्यांसमोर धरलं. समुद्राचं पाणी वळवू शकणारी एक मुलगी, नाव केल्प, वय सोळा. ती हार्बर फाइव्ह नावाच्या पोरापोरींच्या टीममध्ये. त्यांचा लीडर जखमी होऊन पडलेला. मोठ्यांच्या टीमने, नॉर्थ गार्डने, केल्पला बोलावलेलं. शेवटच्या चित्रात ती खांद्याला बॅग लावून दारात पाठमोरी उभी. पुढचा अंक तीन आठवड्यांनी.

"ती टीम सोडणार, यस ऑर नो?"

मी डोळे वर केले. हो.

"नो वे!" रेवा जवळजवळ ओरडली. "बाबा, दॅट्स सो राँग!"

कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला चुकीचं ठरवलं होतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नर्स धावत आली, कुठे दुखतंय का म्हणून.

त्यानंतर रोज साडेतीनला आमचा वाद. रेवा पुरावे आणायची. केल्पने छातीवरचा बिल्ला काढलेला नाही. फॅन लोक ऑनलाइन काय काय म्हणतात तेही वाचून दाखवायची. तिची एक मैत्रीण माझ्या बाजूने होती. स्पीच थेरपिस्टने अक्षरांचा एक बोर्ड दिला. रेवा अक्षरांवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की मी डोळे वर करायचो. एक शब्द जुळवायला पाच मिनिटं लागत. उरलेला दिवस छताकडे बघत मी मुद्दे तयार करायचो. दुखणं तेवढंच होतं, पण दिवस आता माझा होता.

एकदा मी जुळवलं: BAG KHALI. चित्रात बॅगेचा पट्टा सैल होता. आत वजन असतं तर तो ताणला असता. एवढं तरी इंजिनिअरला कळतं. रेवाने पान नाकाशी नेऊन पाहिलं. "ओ माय गॉड, बाबा. हे कुणालाच दिसलं नाहीये!"

त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. मंगळवारी रेवाचे केस कोरडे होते. गुरुवारीही. ती अंडरवॉटर हॉकी खेळते, म्हणजे पोहण्याच्या तलावात पाण्याखालची हॉकी. त्या दोन दिवशी ती नेहमी प्रॅक्टिसहून ओल्या केसांनी घरी यायची. रेवा गेल्यावर मी मृदुलाला बोर्डावर विचारलं: HOCKEY?

मृदुला म्हणाली, "तिची रीजनल टीममध्ये निवड झालीये. प्रॅक्टिस साडेतीनला असते. तिने नको म्हणून कळवलं. तुला सांगू नको म्हणाली. कोच म्हणाले, शुक्रवारपर्यंत विचार कर."

दुसऱ्या दिवशी रेवा आली. मी वादाला सुरुवात केली, तर ती एकदम चिडली. "ती कशी जाईल, बाबा? लीडर असा पडलाय. असं कोण सोडून जातं?" पहिल्यांदाच एवढी सलग मराठी बोलली.

मी बोर्डाकडे पाहिलं. तिने बोट फिरवलं. J. मग A.

"जा?" ती म्हणाली. "म्हणजे केल्पने?"

मी डोळे घट्ट मिटले. नाही.

तिने बोर्ड खाली ठेवला, माझ्या हातावर डोकं टेकवलं आणि मनसोक्त रडली. माझ्या हाताला तिचं वजन कळत होतं. तेवढी संवेदना परत आली होती, हे मला त्याच क्षणी समजलं.

सोमवारपासून ती प्रॅक्टिसला जायला लागली. संध्याकाळी सहाला ओल्या केसांनी यायची, टॉग्जची, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांची, ओली पिशवी खुर्चीला अडकवायची. तिच्या नव्या टीममधलं राजकारण मला कॉमिकपेक्षा जास्त रंगतदार वाटायला लागलं.

नळी निघाली. पुढचा अंक आला तेव्हा मी घोगऱ्या आवाजात बोलू शकत होतो. आम्ही दोघंही चुकलो होतो. बॅग लीडरची होती. तोच टीम सोडत होता आणि केल्प त्याचं सामान भरायला निघाली होती. "चीटिंग आहे ही!" रेवा म्हणाली. मीही तेच म्हणालो.

नंतरचे तीन महिने रिहॅबमध्ये गेले. बसणं, मग उभं राहणं, मग दोन दांड्यांमध्ये चार पावलं. नसा हळू वाढतात, त्यांना घाई चालत नाही. आज मी अर्धा दिवस कामावर जातो. पायांची बोटं अजून बधिर आहेत, संध्याकाळी थकवा येतो. पण चालतो, गाडी चालवतो, पोळ्याही लाटतो. आयसीयूच्या नर्सेस, रिहॅबमधली फिजिओ, आणि ज्यांचं रक्त माझ्या कामी आलं ती अनोळखी माणसं, यांचं ऋण मोठं आहे.

गेल्या महिन्यात वॉर्डातून फोन आला. हाच आजार झालेले एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, कुणाशी बोलत नाहीत, भेटाल का? मी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची बायको त्यांची उशी सारखी करत होती, "यू आर डूइंग सो वेल, डार्लिंग" म्हणत. टेबलावर रग्बीचं मासिक होतं, वर ख्राइस्टचर्चच्या टीमचा फोटो. मी ते चाळलं आणि म्हणालो, की यंदा तुमची टीम काही जिंकत नाही.

त्यांनी सावकाश मान वळवली. "मेट," ते म्हणाले, "यंदा आम्हीच जिंकणार. तुला रग्बीतलं काय कळतं?"

"फारसं नाही," मी खुर्ची ओढून बसलो. "पण तुम्ही चुकताय एवढं नक्की."

ते पाऊण तास बोलत होते.