मजीदभाईंची वीतभर दुर्बीण

मजीदभाईंना एक डोळा मिटता येत नाही. डावा मिटायला जावं तर उजवाही त्याच्याबरोबर मिटतो आणि सगळीकडे अंधार! तसा हा काही आजार नव्हे. किराणा मालाच्या दुकानदाराचं यावाचून काडीचंही अडलं नसतं. पण हर्णैच्या या गृहस्थाचं दुकान ओमानातल्या रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, आणि विकतात काय, तर तंबू, गळ, पाण्याचे कॅन आणि छऱ्याच्या बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी! आता बोला!

इतकी वर्षं निभावलं कसं, तर ऐटीच्या जोरावर. गिऱ्हाईक आलं की मजीदभाई दुर्बीण उजव्या हातात धरून दारात यायचे. डाव्या हाताचा पंजा, जणू उन्हाची तिरीप लागते आहे, असा डाव्या डोळ्यावर धरायचे. समोरच्या बेकरीची पाटी बघायचे आणि म्हणायचे, "मिया मिया!" म्हणजे शंभर टक्के. लोक म्हणायचे, काय नजर आहे हो या माणसाची! बंदूक मात्र या माणसाने उभ्या जन्मात झाडलेली नव्हती. कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

खल्फान हा त्यांचा जुना दोस्त. गावाबाहेर त्याची खजुराची बाग, आणि त्याच्या नेमाची पंचक्रोशीत वाहवा. तो एके दिवशी कोरी एअरगन घेऊन दुकानात आला. खजूर पिकायला लागले की उंदीर सरसर झाडावर चढतात आणि नेमका गोड घड कुरतडतात. यंदा एकालाही सोडणार नाही म्हणाला. शुक्रवारी दोस्तांना बागेत बोलावलंय, कहवा आहे, हलवा आहे, आणि शिकार आहे. शिकार कसली, तर उंदरांची. पण थाट असा की वाघ मारायला निघालेत!

"सगळ्यात मोठी दुर्बीण काढ," खल्फान म्हणाला. त्याने बोट दाखवलं ती मुसळाएवढी होती.

मजीदभाईंनी आधी कहवा पुढे केला. खल्फानने कप उचलला आणि तो थरथरला. चार थेंब त्याच्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशावर, त्या पायघोळ झग्यावर, सांडले. खल्फानने झटकन कप खाली ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं. मजीदभाईंनीही रस्त्याकडेच पाहिलं.

कारण त्यांना सगळं लख्ख कळलं. ईदपासून हा पठ्ठ्या चारचौघांत बंदूक हातात घेत नव्हता. कधी वारा होता, कधी छरे खराब होते. आता दुर्बीण जितकं मोठं दाखवते तितकाच हाताचा कंपही मोठा दाखवते. त्या मुसळातून बघितलं तर गप्प बसलेला उंदीरसुद्धा या झाडावरून त्या झाडावर उड्या मारताना दिसेल. शुक्रवारी दोस्तांपुढे नेम चुकला की खल्फान बंदूक खुंटीला टांगणार, ती कायमचीच. पण दोस्ताला तोंडावर कसं सांगायचं, की बाबा, तुझा हात कापतो?

मजीदभाईंनी काचेच्या कपाटातून एक आखूड दुर्बीण काढली. वीतभर, हलकी, चारच पट मोठं दाखवणारी.

"ही घे. ही स्प्रिंगची बंदूक आहे, अर्बाब. मागे धक्का देते आणि पुढेही देते. भलत्या दुर्बिणीच्या काचा खिळखिळ्या होतील. हिची बांधणी याच धक्क्यासाठी आहे. आणि तुला काय डोंगरावरचं मारायचंय? अंगणातल्या अंगणात नेम. ही पुढची कडी फिरव, जवळचा उंदीर मिशांसकट दिसेल. त्या मोठीतून जवळचं सगळं धुरकट."

शब्द न् शब्द खरा होता. फक्त मुख्य कारण तेवढं गिळलेलं होतं.

खल्फानचा चेहरा उतरला. "ही तर पोरांची! माझे दोस्त हसतील."

"हसू देत. मी सांगतो ना!"

"मग शुक्रवारी तूच ये," खल्फान तडकून म्हणाला. "भिंतीवर लिंबू ठेवतो. सगळ्यांसमोर पहिली गोळी तू झाड. लागली, तर ही छोटी माझी. चुकलास, तर मोठी आणून द्यायची. खलास!"

"इन्शाल्ला!" मजीदभाई जोशात बोलून गेले. खल्फानची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी शहनाजला सगळं सांगितलं. ती आधी ओट्याला टेकून हसली, मग खाली बसून हसली. "अवो, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एकदाही डोळा मारला नाहीत. मला वाटायचं, माणूस सज्जन आहे!"

"हस, हस. इकडे माझी इज्जत जायची वेळ आलीय."

"मग त्याला सरळ सांगा ना, हात कापतो म्हणून."

"असं कसं सांगू? तुझं कालवण खारट झालं तर मी सांगतो का?"

"सांगता की! रोज सांगता!"

मग सुरू झाली शिकवणी. शहनाज बोटाने त्यांची डावी पापणी दाबून धरायची, आणि बोट काढलं की दोन्ही डोळे टक्क उघडे. पुन्हा मिटा म्हटलं की दोन्ही गच्च बंद. मधल्यामधे नाक मुरडायचं, ओठ वर जायचा, कानसुद्धा हलायचे. असं चाललं असताना शेजारची शकीला भांडं परत करायला आली. बघते तर काय, एवढे वयस्कर मजीदभाई बायकोकडे बघून वेडीवाकडी तोंडं करतायत आणि बायको खिदळतेय! "माशाल्ला," म्हणाली आणि भांड्यासकट परत गेली.

"पट्टी लावून जा," शहनाजने अखेर सुचवलं. "सांगा, डोळे आलेत."

"डोळे आलेल्या माणसाच्या हातात बंदूक कोण देईल गं?"

शुक्रवार उजाडलाच. दुपारच्या नमाजानंतर मजीदभाई बागेत पोचले. खजुरांच्या सावलीत चटई अंथरलेली, खल्फानचे म्हातारे दोस्त हलव्याची बोटं चाटत बसलेले. गोठ्याच्या पडक्या भिंतीवर एक पिवळंजर्द लिंबू. बंदुकीवर ती वीतभर दुर्बीण बघून एकाने विचारलं, "बाकीची अर्धी कुठे राहिली?" आणि सगळे हसले. खल्फान हसला नाही.

मजीदभाईंनी बंदूक खांद्याला लावली. दोन्ही हात गुंतलेले; डोळ्यावर धरायला तिसरा आणायचा कुठून? डावा डोळा मिटला. अंधार. उघडला, तर भिंत कुठली, लिंबू कुठलं, काही मेळ लागेना. नाक मुरडलं, ओठ वर गेला, कान हलले. मग या अल्ला म्हणत त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

फट्!

डोळे उघडले तर लिंबू जागच्या जागी, आणि भिंतीपलीकडच्या पाण्याच्या टाकीतून कारंजं उडतंय! त्याखाली उभी असलेली बकरी बें करून जी सुटली, ती चटईवरून, हलव्यावरून, थेट फाटकाबाहेर!

"खल्फान," मजीदभाई रडकुंडीला येऊन म्हणाले, "मला एक डोळा मिटताच येत नाही रे! आणि बंदूक मी आज पहिल्यांदा झाडली!"

मग जो हशा उठला! एक जण चटईवर आडवाच झाला. बाकीचे एकमेकांना डोळे मारून बघायला लागले, आणि त्यात एका म्हाताऱ्याला आयुष्यात प्रथमच कळलं की त्यालाही जमत नाही! खल्फान तर पोट धरून हसत होता, गालांवर पाणी वाहत होतं. "अरे गाढवा, दे इकडे," म्हणत त्याने मजीदभाईंच्या हातातून बंदूक ओढून घेतली, छरा भरला, खांद्याला लावली. हसण्याच्या भरात आपण चारचौघांत बंदूक उचलली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ते मजीदभाईंच्या ध्यानात आलं. त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. बंदुकीची नळी कापत होती, थोडीशीच, पण कापत होती. लागू दे, लागू दे, लागू दे, ते मनात म्हणत होते.

फट्! लिंबाच्या चिंधड्या उडाल्या.

"यल्ला, दुसरं ठेवा!" खल्फान ओरडला. दुसरंही उडालं. तिसरं ठेवायला कोणी उठणार, एवढ्यात खुराड्याच्या वळचणीतून एक गलेलठ्ठ उंदीर निघाला, आणि तोही जागेवर आडवा झाला. म्हातारे टाळ्या पिटायला लागले. मजीदभाई तर नाचायचेच बाकी राहिले. खल्फान पुन्हा पुन्हा त्या चिमुकल्या दुर्बिणीला डोळा लावत होता, पोराला खेळणं मिळावं तसा.

उन्हं कलली तेव्हा मजीदभाई निघाले. खल्फान पोचवायला आला.

"शर्त मी हरलो," मजीदभाई म्हणाले. "मोठी कधी आणून देऊ?"

खल्फान थांबला. "त्या दिवशी दुकानात तू माझा हात बघितलास."

"कुठला हात? मी तर बेकरीची पाटी बघत होतो."

"खोटारडा," खल्फान म्हणाला आणि त्याने मजीदभाईंचा हात हातात घेतला. गाडीपर्यंत तो सोडला नाही. त्याचा स्वतःचा हात थरथरत होता, चांगलाच थरथरत होता, आणि मागून दोस्त बघत होते, तरी खल्फानने तो लपवला नाही.