काकांच्या कादंबऱ्या आणि काकूचं दुखणं

आमचे थोरले काका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर आहेत. जखमा धुणं आणि पट्ट्या बदलणं हे त्यांचं काम. हात इतका हलका की पेशंट डॉक्टरांपेक्षा काकांची वाट जास्त बघतात. या कामातून उरलेला सगळा वेळ ते रशियन कादंबऱ्यांना देतात. भाषांतरंच, पण उशीला घेता येतील एवढी जाड. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं, म्हणून काकांनी पात्रांची परस्पर बारशी केलेली: रडका जमीनदार, देवाशी भांडणारा विद्यार्थी, सोसणारी बाई. घरात कुणी नवखा आला तर त्याला वाटावं, ही सगळी आमच्याच भाऊबंदकीतली मंडळी.

रविवारी उपासना आटोपली की चर्चच्या मागच्या खोलीत काकांचं पुस्तकमंडळ भरतं. पाळकसाहेब, निवृत्त मुख्याध्यापिका, ऑर्गन वाजवणारे गृहस्थ, गायकवृंदातल्या दोन-चार बाया आणि कोपऱ्यात मी. चर्चमधली साक्ष देण्याची सवय इथेही आलेली. कादंबरीवर बोलून झालं की एकाने उभं राहायचं आणि पुस्तकातली गोष्ट आपल्या आयुष्यात कुठे दिसली ते सांगायचं.

काकांचं म्हणणं ठरलेलं. दुःख ही शिक्षा नव्हे. प्रभूने वधस्तंभ टाळला नाही, आणि या रशियन लेखकांना त्याचा अर्थ उमगला होता. जो मुकाट सोसतो त्याच्याच घरी प्रभू येऊन बसतो.

"बसणार कशावर, काका?" मी एकदा विचारलं. "खुर्च्या तर कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात विकलेल्या असतात."

"तू गावच्या शाळेत शिकलास," काका म्हणाले. "तुला एवढंच सुचणार."

घरी जेवणं झाली की काका मोठ्याने वाचत आणि काकू इस्त्री करत ऐकत असे. सोसणाऱ्या बाईचा प्रसंग आला की काका वाचन थांबवायचे. पुस्तक छातीशी धरून ते म्हणायचे, "बघ, एवढं झालं तरी तोंडातून शब्द नाही."

"तिला बोलू कोण देतंय," काकू इस्त्री फिरवत म्हणायची. "मघापासून लेखकच बोलतोय."

त्या हिवाळ्यात काकू मध्येच इस्त्री उभी करून उजव्या कुशीवर हात दाबून धरू लागली. तळलेलं खाणं तिने सोडलं. जिना चढताना कठड्याला टेकू लागली. आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानात आलं नाही. काकांच्या आलं. पेशंटच्या कपाळावरची आठी बघून जखम कुठे झोंबतेय ते ओळखणारा माणूस, त्याच्या नजरेतून हे कसं सुटणार?

ते आम्हाला कळलं रविवारी, मंडळात. एका जाडजूड कादंबरीवर बोलून झालं आणि साक्ष द्यायला काका स्वतःच उठले. पुस्तक मिटलं, चष्मा काढला.

"अशी बाई फक्त पुस्तकात असते असं मला वाटायचं," ते म्हणाले. "पण ती माझ्या घरात आहे. कित्येक आठवडे मी बघतोय. तिच्या पोटात कळ येते, ती ओठ दाबते, आणि पुन्हा माझा शर्ट इस्त्रीला घेते. एका शब्दाने तक्रार नाही. मी तिच्याकडे बघतो आणि मला प्रार्थना करावीशी वाटते."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ऑर्गनवाले "आमेन" म्हणाले. गायकवृंदातल्या एकीने रुमाल काढला. माना डोलल्या, माझीही डोलली. काका बोलले होतेच तसे सुरेख. काकू मागच्या टेबलाशी कपांत चहा ओतत होती.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"कुणाला?"

"पुस्तकातल्या बाईला नाही, ड्रेसर. तुमच्या बाईला."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, जणू प्रश्न नीट वाचता आला नव्हता. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. ऑर्गनवाल्यांना एकाएकी खोकला आला. ज्या दवाखान्यात काका रोज जखमा धुतात, तिथे सर्जनची खोली त्यांच्या खोलीला लागूनच आहे, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मला वाटलं," काका म्हणाले, "त्रास वाढला तर ती आपणहून सांगेल."

किटली खाली ठेवत काकू म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

बोलण्यात राग नव्हता. मीठ जास्त झालंय म्हणून सांगावं तशी ती म्हणाली. मग कप घेऊन ती एकेकापुढे आली, आणि कप घेताना आम्ही सगळे बशीत बघत राहिलो. काकांना कप देताना तिचा हात कुशीकडे गेला. काकांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिला सर्जनकडे घेऊन गेले. पित्ताशय पुवाने भरलं होतं. तातडीने ऑपरेशन झालं, पण आत इतकी घाण साचली होती की जखम काही दिवस उघडीच ठेवावी लागली. बाहेर येऊन सर्जनने मास्क उतरवला.

"ड्रेसर, तुमच्या घरात हे?" तो एवढंच म्हणाला. काकांनी मान खाली घातली ती तो गेल्यावरही वर केली नाही.

बाकड्यावर मी त्यांच्या शेजारी बसलो. चेष्टा करण्यासारखं काही सुचेना, आणि सुचलं असतं तरी गिळलं असतं.

"त्या सगळ्या पुस्तकांत," ते म्हणाले, "सोसणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी येतं रे. पाणी देतं, उशाशी बसतं. मी ती पानंही वाचली होती. प्रभू सोसणाऱ्यात आहे एवढंच धरून बसलो. माझ्याकडून त्याला काही हवं असेल, हे डोक्यात आलंच नाही. नुसता बघत राहिलो. चांगलं प्रकरण चाललंय म्हणून."

पट्टी बदलायची वेळ झाली तेव्हा काका स्वतः ट्रे घेऊन वॉर्डात गेले. चिमटे, गॉज, सलाईनची बाटली, सगळं ओळीने मांडलेलं. काकूने ट्रेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या ड्रेसरला पाठवा."

"अगं, त्याचा हात जड आहे. दुखेल तुला."

"दुखू दे. तुमच्यापुढे ओरडायची चोरी होते मला."

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याला बोलावून आणलं. तो तरणाबांड, घाईतला. त्याने पडदा ओढून घेतला. काका बाहेर उभे राहिले, मी त्यांच्या मागे. आत गॉज सुटू लागला असावा, कारण काकू ओरडली. चांगली मोठ्याने, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली इतक्या मोठ्याने. मग पुन्हा. तिचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. काकांनीही नसावा. त्यांचे कान लाल झाले होते आणि बोटं आपोआप हलत होती, जणू आतला चिमटा त्यांच्याच हातात होता.

"सलाईन ओत अजून," ते पडद्याला तोंड लावून म्हणाले. "भिजू दे नीट, मग उचल."

"तुम्ही बाहेरच थांबा," आतून काकू म्हणाली, आणि पुन्हा ओरडली.

काका तिथेच थांबले. वॉर्डातली माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि काकांनी त्यांना बघू दिलं.