वाढप्याच्या घरची पंगत

कापडे गावच्या येसाजीला माणसं चेहऱ्यापेक्षा हातांनी जास्त ओळखू यायची. सारा जन्म त्यानं गावच्या पंगतींत कमरेत वाकून वरण वाढलं. एका हातात बादली, दुसऱ्यात ओगराळं, नजर पत्रावळीवर. हा कुशाबाचा आखडलेला अंगठा, ही बनुबाईची गोंदलेली मनगटं. वाढता वाढता त्याला वाटायचं, आपण खाचराच्या बांधावरून चाललोय आणि दोन्ही अंगांनी पानंच पानं हलतायत.

चंद्रभागाही त्याला अशी हातानंच भेटली. कुडपणला कुणाच्या तरी हळदीला तिनं 'पुरे' म्हणून पानावर आडवा तळवा धरला होता. करंगळी तेवढी वर उचललेली. त्या फटीतून येसाजीनं वरण सोडलं, आणि पुढल्या माघात तिला घरात आणली.

गावची रीत मात्र अशी, की वाढप्याच्या घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं. पाहुणा उपाशी उठला तर नाव वाढप्याचं जातं, म्हणून उरेल त्यात त्याच्या घरानं भागवायचं. चंद्रभागेनं वर्षानुवर्षं तळाचा खरवडलेला भात आणि पाणी घातलेलं वरण खाल्लं. कधी कुरकुरली नाही. एकदाच, लेक समीक्षा पाळण्यात असताना म्हणाली होती, "हिच्या लग्नात मला पयल्या पंगतीला बसवा." येसाजीनं मान हलवली होती.

समी दहावीत असताना चंद्रभागा तापानं गेली. दिलेला शब्द तेवढा घरात राहिला. आता आईच्या जागी लेक तरी आधी जेवावी, एवढंच येसाजीच्या मनात होतं.

समीचं लग्न ठरलं तेव्हा मुंबईला कंपनीत असलेला तिचा भाऊ भरत रिसेप्शनसाठी महाडचा हॉल ठरवूनच आला. पंगतीला आता थांबतंय कोण, लोकांना गाड्या पकडायच्या असतात, बुफे ठेवू, असं त्याचं म्हणणं. कुशाबा ओट्यावरूनच म्हणाला, "उभ्यानं खायला आपण काय घोडं हाय?" सगळे हसले. मग भरतनं बापाला महाडात एका ओळखीच्या लग्नाला नेलं. बघून तरी घ्या म्हणाला.

येसाजी हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिला. पांढरी ताटं माणसांच्या छातीशी तरंगत होती, सावित्री नदीच्या डोहात कुणी द्रोणांतून दिवे सोडावेत तशी. कुणी कुणाला वाढत नव्हतं, आग्रह करत नव्हतं. त्याला पोरकं वाटलं. एवढ्यात पुऱ्या तळणाऱ्याची बायको पदराला हात पुसत आली, तिनं ताट उचललं आणि रांगेत एका शेटच्या पुढं उभी राहिली. कुणी हटकलं नाही. भाताचा ढीग घेऊन ती खिडकीपाशी सावकाश जेवली. येसाजीला त्या खिडकीत बराच वेळ दुसरंच कुणी दिसत होतं.

एसटीनं पोलादपूर गाठलं तेव्हा तो म्हणाला, "बुफेच ठेव. तिथं शेवटची पंगतच नाय रे."

रिसेप्शनच्या संध्याकाळी कापडे आणि कुडपण, दोन्ही गावं ट्रक भरून महाडला उतरली. कुशाबा दोन्ही हातांनी ताट सावरत येसाजीपाशी आला आणि कानात म्हणाला, घोडं म्हणालास तरी चालंल, जिलबी झकास हाय. येसाजी हसला. नुसतं अत्तर लावून मिरवायचं, हे त्याला नवंच होतं. बादली नसलेला हात हलका हलका होऊन वर उडू बघत होता.

तेवढ्यात त्याची नजर स्टेजवर गेली. पाकिटं घेऊन माणसांची रांग लागली होती. समी उभी होती, हसत होती, फोटोवाला सांगेल तिकडं वळत होती. ओठ सुकलेले.

"ही कवा जेवणार?" त्यानं भरतला विचारलं.

"नवरा-नवरी शेवटीच, आबा. सगळे गेल्यावर. पद्धतच हाय तशी."

येसाजी जागच्या जागी थांबला. म्हणजे शेवटची पंगत कुठं गेलीच नव्हती. दिव्यांच्या माळा लावून ती वर नेऊन ठेवली होती.

त्यानं आचाऱ्याकडून वरणाची बादली आणि ओगराळं मागून घेतलं. एका ताटात भात घेतला आणि तो स्टेजच्या पायऱ्या चढला. फोटोवाला म्हणाला, काका, जरा बाजूला. येसाजीनं ऐकलं नाही. जावयाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात जोडून रांगेला थांबायला सांगितलं.

"बस गो," येसाजी म्हणाला.

"आबा, पाहुणे हायत ना."

"थांबतील. तुझी आय लई थांबली."

समी खुर्चीवर टेकली. मांडीवर ताट घेतलं. येसाजी नेहमीसारखा कमरेत वाकला, आणि हॉलचा गलबला लांब, घाटापलीकडं गेल्यासारखा झाला. एक ओगराळं वाढलं. दुसरं नेलं तेव्हा मेंदीनं रंगलेला तळवा ताटावर आडवा आला.

करंगळी वर उचललेली होती.

येसाजीनं मान वर केली नाही. त्या फटीतून त्यानं वरण सोडलं.