सिस्टरांच्या नावाचं पत्र

सिस्टरांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण घरातही त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. सख्खा नवरासुद्धा "सिस्टर, चहा मिळेल का?" असं विचारायचा आणि मिळेपर्यंत गप्प बसायचा. मधुमेहाच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काढलेली बाई. ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला जी नोंद द्यायची असते, ती त्यांच्याइतकी नेटकी कुणाची नसे: किती वाजता, काय दिसलं, काय केलं, काय राहिलं. "पेशंट बरा वाटतो" असलं मोघम वाक्य त्यांच्यापुढे टिकायचं नाही. कुणाला वाटतो, कशावरून वाटतो, असं विचारून त्या लिहिणारीला भंडावून सोडत.

एका सकाळी त्यांचे जुने पेशंट, शिंपीदादा, यांचा फोन आला.

"सिस्टर, तुमच्या त्या गोळ्या अजून आल्या नाहीत हो. सुई बंद करून तीन दिवस झाले. तहान काही भागत नाही."

"सुई बंद करायला कुणी सांगितलं?"

"असं काय करता? तुम्हीच की. ईमेल केलात ना."

सिस्टरांनी फोन कानाला तसाच धरून चपला पायात सरकवल्या. दादांच्या घरी जाऊन आधी साखर मोजली, आकडा बघून डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितला तेवढा डोस टोचला आणि दोन तास तिथेच बसून साखर उतरतेय ना ते पाहिलं. मग शिवणयंत्राशेजारचा संगणक उघडायला लावला.

पत्रावर नाव सिस्टरांचंच होतं. इन्सुलिन सोडा, खालच्या दुव्यावरून गोळ्या मागवा. वर बेचाळीस ईमेल पत्ते होते आणि त्यांचा क्रम सिस्टरांनी लगेच ओळखला. तो त्यांच्या केसपेपरच्या नंबरांचा क्रम होता. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळ्या पेशंटना एकच निरोपाचं पत्र धाडलं होतं, सगळे पत्ते सगळ्यांना दिसतील असं. त्या बेचाळिसातल्या कुणाच्या तरी संगणकातून ती यादी भलत्याच्या हाती गेली होती. म्हणजे घोळ मुळात आपलाच. त्यांना स्वतःचा सपाटून राग आला.

राग आला की सिस्टर कामाला लागत. आधीचं पत्र खोटं आहे, सुई सोडू नका, अशी ईमेल त्यांनी बेचाळीस जणांना तिथूनच धाडली, या वेळी पत्ते झाकून. मग मूळ पत्राचा हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद, उघडला. पत्र ज्या ज्या सर्व्हरवरून, म्हणजे टपाल पोचवणाऱ्या संगणकावरून, पुढे जातं, तो प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का वर मारतो: कुठून आलं, किती वाजता आलं. सर्वांत जुना शिक्का तळाशी. सिस्टर म्हणजे केसपेपर पहिल्या पानापासून वाचणाऱ्या. त्यांनी तळाच्या शिक्क्यातला आकडी पत्ता, म्हणजे पाठवणाऱ्या संगणकाचा नंबर, उचलला आणि तो कुणाच्या नावावर आहे ते शोधलं. एक लहानसं ग्रंथालय निघालं. सिस्टरांनी त्याला असं खरमरीत पत्र हाणलं की ज्याचं नाव ते.

दुपारी ग्रंथपालांचं उत्तर आलं. "बाई, आमच्याकडे दोन संगणक, आणि आठवडाभर दोन्ही दुरुस्तीला गेलेत. खालचे शिक्के पाठवणारा स्वतः खोटे मारू शकतो. ज्या मेल कंपनीकडे तुमच्या पेशंटचं खातं आहे, तिने मारलेला शिक्का तेवढा खरा धरा. तिच्या हातात पत्र कुणी दिलं, ते त्यात असतं. चुका होतात, मनाला लावून घेऊ नका."

सिस्टरांनी लावून घेतलं, माफी मागितली आणि वरचा शिक्का वाचला. तो आकडी पत्ता भाड्याने सर्व्हर देणाऱ्या एका कंपनीचा होता, आणि गैरवापराच्या तक्रारींसाठी तिचा वेगळा ईमेल पत्ताही नोंदलेला होता. या वेळी पत्रात एकही विशेषण नव्हतं. किती वाजता आणि कुठल्या देशाच्या घड्याळाने, कुठला आकडी पत्ता, जोडीला अख्खा हेडर, एका पेशंटने तीन दिवस इन्सुलिन सोडलं, हा सर्व्हर बंद करावा. ड्यूटीची नोंदच ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं उत्तर आलं: तपासलं, सर्व्हर बंद केला.

"सापडला का चोर?" नवऱ्याने विचारलं.

"चोर नाही सापडला. त्याची गाडी काढून घेतली," सिस्टर म्हणाल्या, आणि आपण होऊन चहा टाकला.

चहा गाळतात तोच हेडमास्तरांचा फोन. हेही जुने पेशंट.

"सिस्टर, तुमची दोन पत्रं आलीयत. एक म्हणतं सुई सोडा, दुसरं म्हणतं सोडू नका. मी पहिलं धरलंय. त्यात मला आदरणीय म्हटलंय."

सिस्टरांनी गाळणी खाली ठेवली. सर्व्हर बंद झाला होता, पण पत्र बेचाळीस घरांत आधीच जाऊन बसलं होतं. काल मागावर निघण्याआधी आपण फोन फिरवायला हवे होते, हे त्यांना एकदम कळलं आणि फार लागलं. हेडमास्तरांना डॉक्टरांकडे धाडून सिस्टर दवाखान्याची जुनी डायरी घेऊन बसल्या आणि एकेकाला फोन लावला. सात जणांनी सुई सोडली होती. सातही जणांना त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे उभं केलं.

डायरीतला शेवटचा नंबर, त्या सातांपैकीच, एका म्हाताऱ्या बाईंचा होता. फोन आजींकडे देताना नातीने सांगितलं, काल दोन्ही पत्रं वाचून दाखवल्यापासून त्या कुणाचंच ऐकत नाहीत, सुईही घेत नाहीत.

"मी सिस्टर बोलतेय, आजी. आज सुई घेतलीत का?"

"सिस्टरच कशावरून? जरा रागवा बघू. दवाखान्यात रागवायचात तसं."

सिस्टरांनी आवाज चढवला. "कालपासून सुई नाही? लहान आहात का? तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

मग आजींनी नातीला हाक मारून सुई आणायला सांगितली.