प्रश्न चैत्राचे, उत्तरं निखिलची

एक्स्टर्नलनी चैत्राला जर्मनमध्ये विचारलं, "तू कुठे राहतेस?" चैत्रा हसून जर्मनमध्येच म्हणाली, "तुम्ही कुठे राहता?"

एक्स्टर्नल म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं.

मी बंगळूरच्या एका युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जर्मन शिकवते. पाठांतराचा मला राग. म्हणून प्रोजेक्ट दिला होता: जोडीनं चिकपेटला साडीच्या दुकानात जायचं, एकानं गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्यानं दुकानदार, आणि खरेदीचा व्हिडिओ जर्मनमध्ये करायचा. चैत्रा आणि निखिलचा व्हिडिओ इतका झकास, की मी तो सगळ्या वर्गाला दाखवला. उरली होती व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. तिच्यात नापास झालं की विषय राहिला.

परीक्षक भले गृहस्थ. "के. आर. पुरमला," म्हणाले. तिथून कसे आलात, घरी कोण कोण, चहा आवडतो की कॉफी? चैत्रा विचारत गेली, ते सांगत गेले. कोण कुणाची परीक्षा घेतंय तेच मला कळेना.

मग निखिल.

"सुट्टीत काय करतोस?"

"निळ्या रंगातही आहे."

"तुझं घर लांब आहे का?"

"नाही, धुतल्यावर रंग जात नाही."

उच्चार अगदी निर्दोष.

बाहेर दोघांना गाठलं. "अरे, हे काय चाललंय?"

"मॅम, काम वाटून घेतलं," निखिल म्हणाला. "प्रश्नांचं मॉड्यूल तिचं, उत्तरांचं माझं. प्रोग्रॅमिंगच्या प्रोजेक्टला असंच करतो."

"दोघांनी दोन्ही करायचं ना."

"एकच काम दोघांनी कशाला, मॅम?"

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले.

आमचे एचओडी राव सर इथल्याच जुन्या मराठी घरातले. चारचौघांत मला मॅडम म्हणतात, एरवी कानडी मिसळत अक्का.

"अक्का, स्वल्प समजावून सांगा. ह्यांना जर्मन येतं का येत नाही?"

"दोघांना मिळून येतं, अण्णा."

"सरी, ठीक. मार्क मिळून देता येतात?"

येत नव्हते. चैत्रा पास झाली, वर 'संभाषण उत्तम' असा शेरा. निखिल नापास.

तो भेटायला आला तेव्हा चिडलेला नव्हता, नुसता गोंधळलेला होता. "मॅम, माझं एकही उत्तर चुकीचं नव्हतं. मला ते प्रश्न कुणी विचारलेच नाहीत."

मला फार वाईट वाटलं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. आता मी जोड्यांना आयत्या वेळी भूमिका बदलायला लावते. प्रोजेक्ट दिला की ही मुलं तो पूर्ण करून आणतातच. त्यातून शिकायचंही असतं, हे वेगळं सांगावं लागतं.